एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट कॅमेरा : आठ वर्षं वापरल्यावरचं मत (आणि तुमचंही हवंय)

कवडसा (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

घरात एसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आहे, तीन लेन्स आहेत आणि ते सगळं मावणारी बॅगही आहे. परवा गेल्या आठ वर्षांतले माझे आवडते फोटो वेगळे काढत बसले, तर निम्म्याहून जास्त खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याचे निघाले. भाचीचं पहिलं पाऊल, पावसात भिजलेली खिडकी, आजीचे चष्मा पुसणारे हात. बॅग उघडेपर्यंत यातलं काहीच थांबलं नसतं. म्हणून हा धागा.

माझ्या कॅमेऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि माझ्या एका नगाचं दुखणं अख्ख्या मालिकेच्या माथी मारायचं नाही. एक इंची सेन्सर (फोटो टिपणारी चिप), साधारण तिप्पट झूम, रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ नोंद), लेन्सभोवती फिरणारी रिंग, एवढं सांगितलं तरी जात कळेल.

आधी त्या 'एक इंचा'बद्दल, कारण मीही फसले होते. या सेन्सरची कोणतीच बाजू एक इंच नसते. तो १३.२ × ८.८ मिमीचा असतो, कर्ण जेमतेम १६ मिमी. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव आलं आणि नळ्या गेल्या तरी चिकटून राहिलं. तरीही साध्या कॉम्पॅक्टमधल्या १/२.३ इंची सेन्सरच्या मानाने याचं क्षेत्रफळ चौपट आहे. संध्याकाळी घरात काढलेला फोटो मोठा करून पाहिला की हा फरक समजतो, आकडे नाही सांगितले तरी.

काय आवडलं? रॉ फाइल. सावलीतला चेहरा नंतर उजळता येतो आणि उजळल्यावरही त्वचा त्वचेसारखी दिसते. दुसरं म्हणजे शांतता. शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचं असतं, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. झोपलेल्या बाळाचा फोटो दोन हातांवरून काढला तरी ते जागं होत नाही.

काय खुपतं? बॅटरी. पूर्ण दिवस बाहेर असले की दोन लागतात, मी तीन ठेवते. अंग गुळगुळीत आहे, दोनदा हातातून निसटला; शेवटी पुढे चिकटवायची रबरी पट्टी लावली आणि तेव्हापासून निर्धास्त झाले. मेन्यू म्हणजे चक्रव्यूह. पण एकदा अर्धा दिवस देऊन बटणांवर आपल्याला हवी ती कामं नेमून घेतली की मेन्यूत शिरायची वेळ क्वचित येते. हे पहिल्याच आठवड्यात करा. मी दोन वर्षांनी केलं आणि ती दोन वर्षं मी हा कॅमेरा वापरलाच नाही असं आता वाटतं.

ज्यांच्याकडे या जातीचा कॅमेरा आहे (सेन्सर थोडा लहान किंवा मोठा असला तरी चालेल) त्यांनी लिहा. विकत घेऊन महिनाभर झालेल्यांपेक्षा दोन-तीन वर्षं वापरलेल्यांचं मत जास्त हवंय.

पायवाट

छान धागा. वाचनखूण साठवली. मी घ्यायच्या विचारात आहे, म्हणून एकच प्रश्न, रागावू नका : आजच्या चांगल्या फोनपेक्षा हा खरंच सरस आहे का?

बहिर्वक्र

कवडसाताई, लेख आवडला, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच सर्वात मोठी आहे. या जातीच्या कॅमेऱ्यांवर 'एफ/१.८' असं ठळक छापलेलं असतं. हा अपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकडा; जितका लहान तितका उजेड जास्त. पण तो फक्त लेन्सच्या रुंद टोकाचा, म्हणजे झूम न करता. झूम जरा पुढे सरकवला की अपर्चर बारीक होत जातं.

२०१२ सालचा पहिला सोनी आरएक्स१०० घ्या. या जातीला खऱ्या अर्थाने लोकप्रिय केलं ते त्यानेच. त्याची लेन्स २८-१०० मिमी (फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात), अपर्चर रुंद टोकाला एफ/१.८ आणि लांब टोकाला एफ/४.९. दोन्हींत जवळपास तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे एखाद्या खोलीत रुंद टोकाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ८०० वर भागत असेल, तर त्याच शटरस्पीडला लांब टोकाला आयएसओ ६४०० च्या घरात जावं लागतं. सेन्सर मोठा घेऊन जे कमावलं ते लेन्सने परत नेलं.

आता २०१४ चा तिसरा आरएक्स१०० बघा. २४-७० मिमी, एफ/१.८ ते २.८. झूम कमी केला, पण लांब टोकाचा उजेड राखला. माझ्याकडे हाच आहे. लोक म्हणाले १०० चे ७० झाले, नुकसान झालं. मी म्हणतो, घरातल्या माणसांचे फोटो काढणाऱ्याला ७० वर एफ/२.८ हे १०० वर एफ/४.९ पेक्षा कितीतरी जास्त उपयोगी. त्याच वर्षीच्या कॅनन जी७एक्सने तर १०० मिमीपर्यंत एफ/२.८ ठेवलं, त्यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) मात्र नाही, तिसऱ्या आरएक्स१०० मध्ये तो वरून उघडतो.

घेताना मोठ्या अक्षरांतला आकडा पाहू नका, त्याच्या शेजारचा दुसरा पाहा.

आणखी एक. एफ/१.८ म्हणजे पार्श्वभूमी लोण्यासारखी धूसर होईल अशी आशा धरू नका. हा सेन्सर फुलफ्रेमच्या (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) २.७ पट लहान (कर्णाच्या हिशेबाने). उजेडाच्या मोजणीला एफ/१.८ हा एफ/१.८ च असतो, पण धूसरपणा फुलफ्रेमवरच्या साधारण एफ/४.९ इतकाच मिळतो. फूल ५ सेंटिमीटरवरून काढलंत तर मागचं सुंदर विरघळतं. दोन मीटरवरच्या माणसाच्या मागचं झाड झाडच दिसणार.

कवडसा

बहिर्वक्र, अगदी खरं, आणि हे माझ्या लेखात असायलाच हवं होतं. माझ्याही कॅमेऱ्याची लेन्स लांब टोकाला बरीच मंदावते. म्हणूनच मी आपोआप रुंद टोकाला राहायला आणि माणसाच्या जवळ जायला शिकले. त्याने फोटो सुधारले, हे मनापासून सांगते. पण घेताना हे ठाऊक असतं तर वेगळी निवड केली असती, हेही तितकंच खरं.

पायवाट, रागवायचं काय त्यात. दिवसाउजेडी, रुंद दृश्य, फोनच्याच पडद्यावर बघायचं, तर फरक फार नाही. काही वेळा फोनच पुढे असतो, कारण तो एका दाबात अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. आता तर काही फोनांतही एक इंची सेन्सर येतो. पण माणूस हलत असेल, उजेड कमी असेल किंवा थोडं लांबून जवळचं टिपायचं असेल, तिथे खरी काच आणि खरा फ्लॅश लागतो. फोनचा दिवा तो फ्लॅश नव्हे, टॉर्च आहे. खरा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात सगळा उजेड ओततो, त्यामुळे उडी मारणारं पोर हवेत गोठतं.

रानवारा

बहिर्वक्रांशी अर्धा सहमत. घरातल्यांसाठी ते बरोबर, पण मी बाहेर फिरणारा माणूस. माझ्याकडे २०१८ चा सहावा आरएक्स१०० आहे, २४-२०० मिमी, एफ/२.८-४.५. संध्याकाळ झाली की तो थकतो, मान्य. पण दिवसा २०० मिमीवर समोरच्या डोंगराच्या एकामागे एक रांगा दाबून एकत्र आणता येतात, ते ७० वर कधीच जमणार नाही. पक्ष्यांसाठी २०० मिमी अपुरंच पडतं. बगळा येतो, खंड्या ठिपका राहतो. डोंगर, ढग, लांबचं एकटं झाड, यांसाठी मात्र मला याहून आवडता कॅमेरा मिळालेला नाही, आणि तो शर्टाच्या खिशात मावतो!

एक लक्षात ठेवा : आधीच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मॉडेलात आतच एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) होता, तो सहाव्यात नाही. धबधबे काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ओलेती

मी धबधबेवाली. :) एनडी नसला तर काय अडतं ते सांगते. नवीन माणूस शटर हळू करायला अपर्चर एफ/११ पर्यंत मिटवतो. या सेन्सरवर ते करू नये. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि एवढ्या लहान सेन्सरवर तो पसारा लगेच दिसतो. सगळा फोटो एकसारखा मऊ पडतो, दगडावरचं शेवाळ हिरव्या डागासारखं होतं. एफ/४ ते ५.६ मध्ये लेन्स सर्वात धारदार, एफ/८ ही माझी शेवटची हद्द.

आतला एनडी तीन स्टॉपचा असतो. सावलीतल्या धबधब्याला आयएसओ १०० च्या आसपास, एफ/८, १/३० सेकंद असं मोजमाप येत असेल तर एनडीने ते १/४ होतं. पाणी रेशमासारखं व्हायला तेवढं बास होतं आणि रुंद टोकाला, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू ठेवून, कोपर अंगाला चिकटवून १/४ हातातही धरता येतं. पाच काढले तर दोन स्थिर येतात. तिकाटणं (ट्रायपॉड) न्यायची गरज नाही, ओल्या दगडांवर तर तो मोठाच दिलासा.

जुनाजाणता

हा वाद वाचून मला २००८-०९ आठवलं. तेव्हा कॉम्पॅक्टमध्ये मेगापिक्सेलची शर्यत जोरात होती. कॅनन जी१० (२००८) मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते, आणि पुढच्याच वर्षी जी११ आला तो १० मेगापिक्सेल घेऊन. आकडा खाली आणलेला पाहून आम्हा मित्रांत केवढी चर्चा झाली होती! त्याच वर्षी कॅननचाच एस९० आला. १० मेगापिक्सेल, एफ/२ पासून सुरू होणारी लेन्स आणि लेन्सभोवती टकटक फिरणारी रिंग. त्याच्या आदल्या वर्षीचा पॅनासोनिक एलएक्स३ तर फक्त २४-६० मिमी झूमचा, पण एफ/२ ते २.८. म्हणजे बहिर्वक्र जे म्हणतात, थोडा झूम सोडा आणि उजेड घ्या, ते तेव्हापासून चालत आलेलं आहे.

माझा एस९० अजून चालतो. सेन्सर आजच्या मानाने चिमुकला, आयएसओ ४०० च्या वर मी जात नाही. पण ती रिंग अशी आहे की खिशातून काढतानाच बोट अपर्चर बदलून मोकळं होतं. माझ्या मते या जातीच्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा तीच आहे. डोळे समोरच्या गोष्टीवर असताना हात किती काम करतात? दुकानात उभं राहून डोळे मिटा, अपर्चर बदलून बघा, एक्स्पोजर एक स्टॉप कमी करून बघा. जमलं तर घ्या.

रिंगबद्दल आणखी सांगतो. आरएक्स१०० ची रिंग गुळगुळीत फिरते, बोटाला टप्पा कळत नाही. जी७एक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१६) टप्पे चालू-बंद करायची कळच दिली आहे. कागदावर ही क्षुल्लक गोष्ट वाटते.

तळ्याकाठी

माझा अनुभव जरा दुःखाचा आहे, पण लिहितो, कोणाला उपयोग होईल.

तिसऱ्या वर्षी आकाशाच्या फोटोंत एक करडा ठिपका दिसू लागला. आधी वाटलं लेन्सवर काही असेल, पुसली, गेला नाही. सेन्सरवर धूळ बसली होती. लेन्स काढता येत नाही, म्हणजे आपल्याला साफ करता येत नाही. दुरुस्तीला दिला, साफ होऊन आला, आणि दीड वर्षात दुसरा ठिपका. त्याच्याच नंतर एकदा पिशवीत चुकून चालू झाला, लेन्सला बाहेर यायला जागा नव्हती, घर्र आवाज झाला आणि पडद्यावर लेन्सच्या बिघाडाची सूचना. तो परत उघडलाच नाही. त्यात सहा वर्षांच्या मुलाचे त्या सकाळचे फोटो होते. कार्ड काढून ते मिळाले हे नशीब. कॅमेऱ्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

किल्लीवाला

तळ्याकाठी, वाचून वाईट वाटलं. मी हौसेने जुने कॅमेरे उघडून जोडत बसतो, त्यामुळे हे का होतं ते सांगू शकतो.

आत जाणारी लेन्स म्हणजे एक भाताच आहे. तीन नळ्या एकात एक सरकतात. लेन्स बाहेर येते तेव्हा आतली जागा वाढते आणि ती हवा कुठून तरी ओढून घ्यावीच लागते. मिटते तेव्हा हवा बाहेर. दर वेळी चालू-बंद करताना हा श्वास चालतो, आणि खिशातले सुती तंतू आणि धूळ त्या श्वासाबरोबर आत जातात. कंपनी कोणतीही असो, मिटणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला हे चुकत नाही. म्हणून खिशात नुसता टाकू नका. पातळ, धागे न सुटणाऱ्या कापडाची पिशवी शिवून घ्या आणि ती आठवड्याला उलटी करून झटका. लेन्स बाहेर असताना नळीच्या कडेने रबरी फुंकणीने वारा मारा, मग मिटा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात.

पिशवीत चालू होणं हे दुसरं दुखणं. नळ्या सरकवणारी मोटर चिमुकली असते आणि दातेरी चाकं बहुधा प्लॅस्टिकची. समोर अडथळा आला की दात घसरतात. कॅमेरा बटणाची बाजू खाली करून ठेवायची सवय लावा.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांनी विकणाऱ्यासमोर एवढं कराच : अपर्चर सर्वात बारीक, फोकस हाताने अनंतावर, आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा कोऱ्या आभाळाचा फोटो. धूळ असेल तर तिथे काळे ठिपके उमटतात. मग झूम पाच-सहा वेळा पूर्ण आतबाहेर करून कान देऊन ऐका. आवाज एकसुरी हवा.

पायवाट

किल्लीवाले काका, हे सोन्यासारखं आहे. मी वापरलेलाच बघतोय.

एकमिती

झूम नसलेल्यांचीही बाजू मांडतो. माझ्याकडे रिको जीआर ३ (२०१९). सेन्सर एपीएस-सी, म्हणजे एक इंचीच्या तिप्पट क्षेत्रफळ. लेन्स एकच, २८ मिमीच्या तोडीची, एफ/२.८. बॅटरीसकट वजन २५७ ग्रॅम. झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही. कंपनीच्याच आकड्याप्रमाणे एका चार्जमध्ये २०० च्या आसपास फोटो.

एवढं सगळं नसताना मी त्याच्या प्रेमात का? स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, उदाहरणार्थ २ मीटर, अपर्चर एफ/५.६, आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचं. कॅमेरा फोकस शोधतच बसत नाही. दोन मीटरच्या पुढचंमागचं बरंच काही स्पष्ट येतं. आपणच अंतराचा अंदाज घ्यायला शिकतो. दोन हात, चार पावलं. सहा महिन्यांत माझ्या डोळ्यांना २८ मिमीची चौकट कॅमेरा न उचलता दिसू लागली. आता मुलगी धावत आली की मी आधी दोन पावलं मागे सरतो, मग हात वर जातो.

ज्यांना २८ फार रुंद वाटतं त्यांच्यासाठी ४० मिमीचा जीआर ३एक्स (२०२१) आहे.

बहिर्वक्र

एकमिती, 'दोन पावलं मागे' हे फार आवडलं.

पायवाट

सर्वांचे आभार. कॅमेरा मिळाला, किल्लीवाले काकांची भिंतीची परीक्षा करून. पहिल्या नगात तीन ठिपके दिसले, तो सोडला. दुसरा स्वच्छ निघाला. तिसरा आरएक्स१०० आहे. पण घरातले फोटो हललेले येतात. स्टॅबिलायझर तर चालू आहे. माझंच काही चुकतंय का?

कवडसा

अभिनंदन! स्टॅबिलायझर तुमचा हात थोपवतो, समोरच्या माणसाला नाही. शटरस्पीड पाहा, बहुधा १/३० किंवा त्याहून हळू असेल. बसलेल्या, बोलणाऱ्या माणसाला निदान १/१२५ हवा, खेळणाऱ्या मुलाला १/२५० आणि त्यावर. मोड शटरवर (शटरस्पीड आपण ठरवायचा) ठेवा, आयएसओ ऑटो करून वरची मर्यादा ३२०० द्या. दाणे दिसले तर दिसू देत. दाणेदार फोटो अल्बममध्ये राहतो, हललेला पुसला जातो.

दिवेलागण

आणि फ्लॅशला विसरू नका! आरएक्स१०० मालिकेतला वर उसळणारा फ्लॅश बोटाने हलकेच मागे दाबून धरता येतो, की त्याचं तोंड छताकडे होतं. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर उजेड वरून पसरून मऊ येतो, भिंतीवर ती काळी कडा पडत नाही. आयएसओ ८०० ठेवा, कारण चिमुकल्या फ्लॅशची ताकद छतापर्यंत जाऊन परत यायला कमी पडते. माझ्या वडिलांचा सर्वात चांगला फोटो असाच निघाला. त्यांना फ्लॅश पडलेला कळलाच नाही.

उन्हातही युक्ती आहे. ऊन पाठीवर घेऊन माणूस उभा, चेहरा काळवंडलेला. एफ/२.८ ठेवलं तर आयएसओ १०० ला शटर १/३२०० च्या आसपास लागेल. आतला एनडी लावा, ते १/४०० वर येतं, आणि लेन्समधल्या पाकळ्यांच्या शटरबरोबर फ्लॅश तिथे बिनतक्रार जुळतो. पडद्याचं शटर असलेल्या बहुतेक एसएलआरमध्ये साधा फ्लॅश १/२५० च्या आसपास थांबतो. चेहरा उजळतो, आभाळ निळं राहतं. माणसापासून दीड-दोन मीटरच्या आत मात्र राहा.

पायवाट

आज दोन्ही करून पाहिलं. १/२५०, आयएसओ ८००, फ्लॅश छताकडे. आईला फोटो काढलेले आवडत नाहीत, फ्लॅश चमकला की ती चेहरा वळवते. आज ती पत्र वाचत होती आणि वाचतच राहिली. कपाळावरची बट, कागदाची घडी, सगळं स्पष्ट आलंय. तिला दाखवला तेव्हा तिने पडदा जवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हा कागदावर छापून मिळेल का?

प्रचि (प्रकाशचित्र) उद्या टाकतो, तिची परवानगी घेऊन.